यात्रेला निघण्यापूर्वी : वसईचा संत आणि नागासाकीची टेकडी



संत पौल अथेन्स शहरात पोहोचला तेव्हा त्याने काय केले, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात दिले आहे. तो शहरात फिरला. तिथल्या लोकांची पूजास्थाने त्याने नीट निरखून पाहिली, त्यांवरील लेख वाचले. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले होते, तरीही बोलायला उभा राहिल्यावर त्याने शिव्याशाप दिले नाहीत. त्यांच्याच एका वेदीवरील लेखापासून त्याने सुरुवात केली. आज आपल्याला यात्रेविषयी विचार करायचा आहे, म्हणून हा अध्याय रविवारच्या दुपारी घरी बसून वाचावा.

आपल्याकडे यात्रा म्हटली की वेलंकणी, जुने गोवे, मैलापूर ही नावे येतात. अलीकडे काही कुटुंबे श्रीलंका, थायलंड, जपान असे दूरचे प्रवासही करू लागली आहेत. टूर कंपन्यांच्या पत्रकात बारा दिवसांत चार देश, पंधरा देवळे, दोन राजवाडे आणि एक बाजार असे सगळे बसवलेले असते. माणूस परत येतो तेव्हा मोबाईलमध्ये हजार फोटो असतात आणि त्यातले कुठले देऊळ कुठल्या देशातले, याचा घरात वाद चालतो. पैसे मात्र आयुष्यभराच्या बचतीतले गेलेले असतात. अशा प्रवासाला माझा विरोध नाही. पण त्याला यात्रा म्हणायचे असेल तर आपण कोणाच्या भेटीला जात आहोत, हे आधी ठाऊक हवे.

यात्रेकरू कसा असतो हे पाहायला कामठीकरांना लांब जावे लागत नाही. आपले गाव इतरांच्या यात्रेचे ठिकाण आहे. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने आणि ॲड. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने १९९९ साली इथे ड्रॅगन पॅलेस उभा राहिला. तिथल्या चंदनी बुद्धमूर्तीसमोर बसायला देशातून आणि परदेशातून लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसे येतात. ज्यांच्या दर्ग्यासाठी ताजबागला रीघ लागते, त्या ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ साली कामठीतच झाला. म्हणजे यात्रेकरूचे दुखरे पाय आणि त्याची श्रद्धा हे आपण आपल्या दारातच पाहत आलो आहोत.

मग एक प्रश्न नेहमी विचारला जातो. आपण अशा ठिकाणी आत गेलो तर पाप लागते का? मुले शाळेच्या सहलीला जाऊन आली की आईवडिलांना ही शंका सतावते. याचे उत्तर ख्रिस्तसभेने दिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयी घोषणापत्र काढले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. आदराने आत जाणे, पाहणे, शांत उभे राहणे यात पाप नाही. तिथल्या उपासनेत भक्त म्हणून भाग घेणे ही वेगळी गोष्ट आहे. ते आपण करत नाही आणि आपला शेजारीही तशी अपेक्षा ठेवत नाही. प्रसादाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, नैवेद्याच्या अन्नाविषयी लिहिताना दुर्बल भावाची सदसद्विवेकबुद्धी दुखावू नये यावर भर दिला आहे. ते दोन्ही अध्याय वाचून कुटुंबाने आपसात बोलावे.

ड्रॅगन पॅलेस उभा राहिला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीला आले होते. आशियातील ख्रिस्तसभेविषयीचे आपले पत्र त्यांनी तिथे प्रसिद्ध केले. प्रभू येशूने आशियाच्या भूमीवर जन्म घेतला, याची आठवण त्या पत्रात आहे. आपल्याला ही गोष्ट माहीत असते, तरी मनात येत नाही. बेथलेहेम व जेरूसलेम आशियातच आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटल्यानंतर पवित्र भूमीच्या कित्येक यात्रा रद्द झाल्या आणि लोक इतर ठिकाणांची चौकशी करू लागले. त्यांना मी नागासाकीचे नाव सुचवतो. कारण तिथे आपला माणूस आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईतील जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात आपल्याला घ्यावे ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. पुढे काही काळ त्यांनी व्यापार केला. नंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाले, धर्मगुरू नव्हे. १५९३ साली फादर पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला आले, ते दुभाषी म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे फादरांचे म्हणणे वसईचा हा मुलगा मांडत होता.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना पकडण्याचा हुकूम दिला. क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि शहरांतून त्यांची धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. निघताना चोवीस जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले आणि भाल्यांनी त्यांना ठार मारले. सव्वीसपैकी वीस जपानी होते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद दिले.

ही टेकडी नागासाकी रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, तिथे सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक व संग्रहालय झाले. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ मध्ये तिथे गेले होते, पोप फ्रान्सिस २४ नोव्हेंबर २०१९ रोजी. पण टेकडी पाहून लगेच परत फिरू नये. १६१४ सालच्या बंदीनंतर जपानमधील ख्रिस्ती लोकांनी दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरूंवाचून, लपून, बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपल्या. १८६५ साली ओउरा येथे नवे चर्च उभे होते. १७ मार्च रोजी उराकामी गावातील काही माणसे तिथे आली आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी सांगितले की आमचा विश्वास तुमच्यासारखाच आहे. मरिया मातेची मूर्ती कुठे आहे, असेही विचारले. त्याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. भाविकांनी वर्षानुवर्षे खपून बांधलेले कॅथेड्रल कोसळले. आत पापनिवेदन चालू होते. १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले. बाँबमध्ये नष्ट झालेल्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथोलिकांनी नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी प्रथमच एकत्र वाजल्या. ज्यांच्या देशाने बाँब टाकला, त्यांनीच ती घंटा दिली.

अशा प्रवासात वाटेत बौद्ध मंदिरे लागणारच. तिथे पादत्राणे काढावीत, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे श्रीलंकेत अपमान समजला जातो. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो तर कुठेच काढू नये. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन होते. अशा दर्शनाच्या रांगेत आपल्याबरोबर अन्यधर्मीय बांधवही येतात. त्यांच्यापैकी कोणी हात जोडून शांत उभा असेल तर आपल्याला बरे वाटते, आणि कोणी आरडाओरडा करत फोटो काढत असेल तर वाईट वाटते. दुसऱ्याच्या देवळात आपल्याकडे पाहणाऱ्यालाही तसेच वाटत असते.

जपानचा खर्च सर्वांना झेपणार नाही, आणि त्यासाठी कोणी कर्ज काढू नये हे माझे स्पष्ट मत आहे. वसई मात्र आपल्या आवाक्यात आहे. नागपूरहून मुंबईच्या गाडीने दादरला उतरावे, तिथून विरारच्या लोकलने वसई रोड. किल्ल्यात जुन्या चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला, तेही गाईडकडून ऐकावे. गावातील चर्चमध्ये मराठीतून मिस्सा असते आणि गायनमंडळ चांगले असते. मुक्काम रविवारचा ठेवावा.

संत पॉल मिकी व सोबत्यांचा सण ६ फेब्रुवारीला येतो. या सोबत्यांत गोन्सालोही आहेत. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी त्या आठवड्यात आशियाचा नकाशा काढून त्यावर वसई, मनिला, क्योतो आणि नागासाकी ही ठिकाणे दाखवावीत. सव्वीस जणांतील सर्वात लहान लुई इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता, म्हणजे त्यांच्यातल्या पुष्कळांच्या वयाचा.