मोतीसकट घर शोधायचंय ना?

अगं, पुण्यात नोकरी लागली याचा आनंद आहेच, पण तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला टोचलं. 'सध्या मी एकटीच राहते, मोतीचं नंतर बघू.' हे 'नंतर' सहसा येत नाही गं. एकटीच्या नावावर अकरा महिन्यांचं घर घेतलंस की मालकाच्या मनात तू एकटीच असतेस. मग कुत्रा आणायचा म्हटलं की त्याला वाटतं, हिनं आपल्याला फसवलं. म्हणून पहिल्याच फोनवर सांग : मी आणि माझा कुत्रा. दहातले सात फोन तिथेच संपले तरी चालतील. ती घरं तुमची नव्हतीच.

आता एक नीट समजून घे. परवानग्या दोन असतात, घरमालकाची वेगळी आणि सोसायटीची वेगळी. एजंट 'सोसायटीत अलाउड नाही' म्हणतो, तेव्हा नकार नेमका कोणाचा आहे ते विचार. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरीही नाही. कुत्र्याचा आकार, त्याचं भुंकणं ही कारणंही चालत नाहीत. लिफ्ट नाकारता येत नाही, तिचे जादा पैसे मागता येत नाहीत. त्या सूचनांची प्रिंट काढून जवळ ठेव. पण सेक्रेटरींना भेटलीस की लगेच पुढे करू नकोस. आधी नमस्कार, ओळख, मोतीचा फोटो. तिथे पुढे वर्षभर राहायचं आहे तुला, आणि सोबत भांडण घेऊन आत जाणं मोतीलाही सोसणार नाही.

घरमालकाचं मात्र तसं नाही. आपलं घर कोणाला द्यायचं हे तो ठरवतो, आणि या सूचना त्याच्यापुढे चालत नाहीत. तिथे लागतो विश्वास, आणि मग लेखी कागद. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. रजिस्ट्रेशन करणारा एजंट तयार मसुदा आणतो, त्यात मोतीचा उल्लेख नसतोच. तू आग्रहानं एक ओळ घालून घे : 'परवानाधारकास सोबत एक पाळीव कुत्रा ठेवण्यास मालकाची संमती आहे.' तोंडी 'हो हो, आणा' यावर थांबू नकोस. मालक साताऱ्याला किंवा अमेरिकेत असतो, सहा महिन्यांनी शेजाऱ्यांची तक्रार गेली की तो बोललेलं विसरतो. त्याच्या मनात दारं ओरबाडण्याची, सोफ्याची भीती असेल, तर नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून दुरुस्ती कापायची, हेही लिहून दे. राहायला जायच्या दिवशी भिंती, दारं, फरशी यांचे फोटो काढून त्याला पाठव.

मोतीची एक फाइल कर. रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट, दरवर्षीच्या बूस्टरची नोंद, नसबंदीचा कागद. पुण्यात कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो, तोही काढून घे. आधीच्या घरमालकाकडून दोन ओळींचं पत्र मिळालं तर फारच छान. आणि मालक तयार असेल तर मोतीला भेटायला घेऊन जा, आधी लांब फिरवून, दमवून. तो गावठी आहे म्हणून बिचकू नकोस. इतका समजूतदार कुत्रा बघून माणसं विरघळतात, हे मी पाहिलंय.

घर बघताना किचनच्या ट्रॉल्या मागाहून बघ. आधी बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं जातंय का ते बघ. पश्चिमेची काचेची खोली असेल तर एप्रिलच्या दुपारी तो एकटा तिथे काय करेल, याचा विचार कर. तू नऊ तास बाहेर असणार. दुपारी कोणी फिरवायला येणार असेल, तर त्या माणसाला गेटवर सोडतात का, हे वॉचमनला विचार. खाली मोकळी जागा, जवळ व्हेट हवा. शेजारच्या दारात भित्रं मूल किंवा वयस्कर आजी असतील तर पहिल्याच आठवड्यात जाऊन बोल, मोती कधी खाली उतरतो ते सांग. पट्टा नेहमी हातात आणि त्याची शी तूच उचलायची. यात एक दिवसही ढिलाई नको, कारण तुझ्या मागून कुत्रा घेऊन घर शोधणाऱ्या प्रत्येक मुलीला त्याच सोसायटीत विचारावं लागणार आहे.

थोडं लांब जावं लागेल, भाडंही हजार-दोन हजार जास्त पडेल कदाचित. दे. त्या बदल्यात रूमवर फर्निचर नसलं तरी चालेल. रिकाम्या घराचे मालक बरेचदा लवकर तयार होतात. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव, मोतीची ओळ त्यात आहे का ते मी बघते.