गुणांची पोच

प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्यांची उत्तरे यंत्राकडून तपासून घेण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील रेन्सलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये असा प्रयोग झाला आणि जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी १९६० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या वेळी प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असत. आज विद्यार्थी घरी बसून मोबाइलवर प्रोग्रॅम लिहितो, बटण दाबतो आणि गुणांची वाट पाहतो.

परंतु उत्तर बरोबर असूनही गुण नोंदले जात नाहीत, असे आम्हा शिक्षकांस पुष्कळदा आढळते. येथे वस्तुतः कामे दोन आहेत : उत्तर तपासणे आणि मिळालेले गुण नोंदवहीपर्यंत पोचविणे. तपासणी एका संगणकावर व नोंद दुसऱ्यावर, अशीही व्यवस्था असते. मध्येच इंटरनेट तुटले की पहिले काम होते, दुसरे राहते. पडद्यावर मात्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच उमटते. नवशिक्या मुलास वाटते, आपलेच चुकले. मग तो बरोबर उत्तर मोडत बसतो आणि शेवटी हा विषय आपला नव्हे असे ठरवितो. यात खरी हानी आहे ती ही.

यावर उपाय अवघड नाहीत. बँकेत पैसे भरल्यावर पावती मिळते, तशी येथेही हवी. ‘उत्तर जतन झाले’, ‘तपासले’, ‘गुण नोंदले’ या तीन अवस्था वेगळ्या दाखवाव्यात. ‘चालवून पाहा’ आणि ‘सादर करा’ ही बटणे दूर ठेवून, पहिल्याने गुण मिळत नाहीत हे तेथेच लिहावे.

संपर्क तुटल्यास उत्तर मोबाइलमध्येच राहून पुढे आपोआप जावे. प्रत्येक प्रयत्नास स्वतंत्र क्रमांक दिला, म्हणजे तोच प्रयत्न दोनदा पोचला तरी एकदाच मोजला जाईल. वेळेची नोंदही हवी. शिक्षणसाधने परस्परांस जोडणाऱ्या एलटीआय या प्रमाणपद्धतीत गुणांसोबत वेळ पाठविली जाते आणि उशिरा पोचलेले जुने गुण नव्या गुणांवर चढू देऊ नयेत, असा नियम आहे. तो अनुकरणीय होय.

चूक दाखविण्याची रीतही महत्त्वाची. हार्वर्डच्या सीएस५० या अभ्यासक्रमातील चेक५० हे साधन प्रत्येक चाचणीपुढे चेहरा दाखविते : उत्तीर्ण तर हसरा, अनुत्तीर्ण तर रडका, आणि चाचणी घेताच आली नाही तर कोरा. हा तिसरा चेहरा आम्हांस मोलाचा वाटतो. कारण ‘चुकले’ आणि ‘तपासता आले नाही’ यांत फार अंतर आहे. कोणती संख्या दिली असता काय यावयास हवे होते आणि काय आले, हेही सांगावे. मात्र काही चाचण्या झाकलेल्याच बऱ्या; नाही तर मुले रीत न शिकता उत्तरेच लिहून ठेवतील.

मोबाइलवर महिरपी कंस व अर्धविराम शोधण्यात वेळ जातो. त्यांची एक ओळ लेखनाखालीच असावी. सूचना मराठीत असाव्यात.

संगणकवर्ग चालविणाऱ्या संस्थांस आमची विनंती एवढीच : साधन निवडण्यापूर्वी ते साध्या मोबाइलवर, मंद इंटरनेटवर, एखाद्या अगदी नव्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन पाहावे. सादर करताना मुद्दाम संपर्क तोडावा. नंतर त्यालाच विचारावे, तुझे गुण नोंदले गेले का? त्यास खात्रीने सांगता आले, तर साधन घेण्यास हरकत नाही.