ब्रेकचे पायडल जड होणे : कारणे, तपासणी व उपाय

शेतमाल वेळेवर बाजारात पोचविणे हे शेतीच्या धंद्याचे एक महत्त्वाचे अंग होय. भाजीपाला, कांदा व दूध यांच्या वाहतुकीसाठी आज अनेक गावांतून जीप व पिकअप वाहने वापरली जातात. जुन्नरकडील माल माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो, तर नाशिककडील माल कसारा घाटाने मुंबईकडे जातो. अशा उतारावर भरलेल्या वाहनाचे ब्रेक वेळेवर लागणे यावरच चालकाचा जीव अवलंबून असतो. म्हणून ब्रेकचे पायडल जड होणे हा दोष किरकोळ समजू नये. त्याची प्राथमिक तपासणी गावातल्या गावात, कोणत्याही हत्याराशिवाय करता येते.

बूस्टरचे कार्य

पायडल व मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक गोल पत्र्याचा डबा बसविलेला असतो. त्यास बूस्टर म्हणतात. त्याच्या आत एक रबरी पडदा असून त्यामुळे डब्याचे दोन कप्पे होतात. इंजिन चालू असता दोन्ही कप्प्यांतील हवा ओढून घेतली जाते. पायडल दाबताच मागील कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि हवेच्या दाबाने पडदा पुढे ढकलला जातो. चालकाच्या पायास मदत मिळते ती अशी.

ही मदत किती असते हे साध्या हिशेबाने कळते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरइतका व्हॅक्यूम असल्यास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.६८ किलो दाब पडतो. म्हणजे पडद्यावर २०० किलोहून अधिक जोर येतो. हा जोर नाहीसा झाला की पायडल दगडासारखे लागते.

पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इंजिनाच्या हवा ओढण्यातून मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा पुरेसा मिळत नाही. त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप असतो. काही वाहनांत हा पंप ऑल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला असून पट्ट्यावर चालतो. मोठ्या मालमोटारींचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांस पुढील माहिती लागू नाही.

दोष ओळखणे

पायडल मऊ लागत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल तर दोष ब्रेक ऑइलची गळती, नळीत शिरलेली हवा किंवा मास्टर सिलिंडर यांत असतो. पायडल उंच व कडक राहून वाहन थांबण्यास फार जोर लागत असेल तर प्रथम व्हॅक्यूमचा संशय घ्यावा.

तीन सोप्या चाचण्या

वाहन सपाट व उघड्या जागेवर उभे करावे. गिअर काढावा, हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत.

पहिली चाचणी : इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. नंतर पायडलावर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले पाहिजे. ते न गेल्यास व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे.

दुसरी चाचणी : इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे व पायडल नेहमीच्या जोराने तीन-चार वेळा दाबावे. पहिल्यांदा ते अधिक खाली जाऊन पुढे दर वेळी थोडे उंच राहिले पाहिजे. प्रत्येक वेळी ते सारखेच उंच राहिल्यास व्हॅक्यूम साठून राहत नाही असे समजावे.

तिसरी चाचणी : इंजिन चालू असता पायडल दाबून धरावे व तसेच इंजिन बंद करून अर्धा मिनिट थांबावे. पायडल वर येऊ लागल्यास बूस्टर, झडप किंवा नळी यांत गळती आहे.

कारणे व उपाय

नळी : प्रथम पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी पाहावी. उष्णतेने ती तडकते. गोठ्यात किंवा खळ्यावर उभ्या केलेल्या वाहनाची नळी उंदीरही कुरतडतात. इंजिन बंद करून नळी बूस्टरपासून सोडवावी, इंजिन सुरू करावे व नळीच्या तोंडावर अंगठा ठेवावा. ओढ जोरदार जाणवली पाहिजे. हात व कपडे पट्ट्यापासून दूर ठेवावेत. फुटलेल्या नळीच्या जागी फवारणीची किंवा ठिबकाची नळी कदापि जोडू नये. अशी नळी ओढीने आत चेपते व वाट बंद होते. व्हॅक्यूमसाठी बनविलेली जाड नळीच घालावी.

एकमार्गी झडप : ही झडप हवा बूस्टरकडून इंजिनाकडेच जाऊ देते. ती काढून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहावी. हवा दोन्हीकडून जात असल्यास किंवा मुळीच जात नसल्यास झडप बदलावी.

पंप : नळी सुस्थितीत असून ओढ कमी असल्यास पंप तपासावा. पट्टा सैल झाला काय, इंजिनातील तेलाची पातळी बरोबर आहे काय व पंपास तेल नेणारी बारीक नळी चोंदली काय, हे पाहावे. पंप ऑल्टरनेटरवर असता बॅटरीचा लाल दिवा लागून त्याच वेळी पायडल जड झाले तर पट्टा तुटल्याची ती खूण होय.

बूस्टर : पायडल दाबताना क्षणभर हवेचा आवाज होणे स्वाभाविक आहे. पायाशी सतत सूं असा आवाज येत राहिल्यास पडदा फाटलेला असण्याचा संभव आहे. बाहेर गळती नसताना ब्रेक ऑइल कमी होत असेल तर ते मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमध्ये उतरत असावे. अशा वेळी दोन्ही भाग कारागिराकडून तपासून घ्यावेत. ब्रेक ऑइलच्या भांड्यात इंजिनाचे तेल कधीही घालू नये. त्याने रबर फुगते व सर्व ब्रेक निकामी होतात.

तिन्ही चाचण्या बरोबर येऊनही पायडल जड असल्यास पायडलाची खीळ गंजणे, चाकाजवळील दट्ट्या चिखलाने अडकणे किंवा ब्रेकची रबरी नळी आतून सुजणे ही कारणे शोधावीत.

उतारावरील दक्षता

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची रीत अत्यंत घातक आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. त्यानंतर केवळ पायाचा जोर राहतो, आणि इंजिनाचा आधारही सुटलेला असतो.

चालत्या वाहनात पायडल एकाएकी जड झाल्यास ब्रेक पुरते गेले असे समजून घाबरू नये. पायडल वरचेवर दाबून सोडू नये, कारण उरलेला साठा त्यात खर्च होतो. ते सर्व जोराने, लागल्यास दोन्ही पायांनी, दाबून धरावे. इंजिन चालू ठेवावे, क्रमाने खालचा गिअर घालावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा व वाहन कडेला थांबवावे. दोष दूर होईपर्यंत ते वाहन मालासह घाटात नेऊ नये.

ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांनी कांद्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील वाहनचालकांस एकत्र बोलावून या तीन चाचण्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यास एका वाहनामागे दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. प्रत्येक चालकाने माल भरण्यापूर्वी निदान पहिली चाचणी करण्याची सवय लावून घेतल्यास जड पायडलाचा दोष घाटात नव्हे, तर गावातच उघडकीस येईल.