रात्री साडेदहाची भूक

दिवसभर तुम्ही सांभाळून खाल्लेले असते. सकाळी पोहे, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. गोड नाही, तळलेले नाही. मग रात्री साडेदहाला, जेवण होऊन तासभरही झाला नसताना, पावले स्वयंपाकघराकडे वळतात आणि फरसाणाचा डबा उघडतो. बहुतेक जण याला मनाचा दुबळेपणा समजतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी खायचे ठरवतात. गणित बिघडते ते नेमके इथे.

ही ओढ मुळात शरीराच्या घड्याळातच आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 12 जणांना बाहेरची वेळ कळणार नाही अशा खोलीत ठेवले होते. त्यांची भूक शरीराच्या घड्याळानुसार सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. त्यातही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची इच्छा वाढलेली होती. झोप कमी झाली की हे आणखी बळावते. शिकागो विद्यापीठात 2004 साली तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले. म्हणजे रात्री बारानंतरची एखादी मालिका दुसऱ्या दिवशीच्या ताटातही उतरते.

आता याला दिल्लीचा दिनक्रम जोडून पाहा. गुरुग्राम किंवा नोएडातल्या कार्यालयात दुपारचा डबा एकला संपतो. पाचला चहा आणि दोन बिस्किटे. सातला निघायचे, राजीव चौकच्या गर्दीत मेट्रो बदलायची, साडेआठला घरी. जेवायला बसेपर्यंत साडेनऊ-दहा. एक ते साडेनऊ म्हणजे साडेआठ तासांचे अंतर झाले! स्टेशनबाहेर मोमोची गाडी वाफाळत उभी असते आणि घरी पोचल्यावर दहा मिनिटांत काहीही दारात आणून देणारे ॲप फोनमध्ये असते. एवढ्या अंतरानंतर माणूस घाईघाईने जेवतो, आणि पोट भरले तरी मन भरत नाही.

म्हणून साडेदहाच्या भुकेची सोय संध्याकाळी सहालाच करायला हवी.

सहाला काय खावे, याचे उत्तर याच शहराच्या गल्ल्यांमध्ये आहे. भाजलेले चणे मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, घेतले तर सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. तेलाचा थेंब नाही, आणि चावायला वेळ लागतो हा मोठाच फायदा. थंडीत हातगाडीवर शेंगांच्या ढिगावर निखाऱ्यांचे छोटे मडके ठेवलेले दिसते. त्या गरम शेंगा घ्या, पण मोजून, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. भाजलेली शकरकंदी, म्हणजे आपले रताळे, लिंबू आणि काळे मीठ लावून मिळते. सोबत कमरखाच्या आंबट फोडी असल्या तर उत्तमच. राम लड्डू मात्र मुगाच्या डाळीचे असले तरी तळलेले असतात. त्यांना महिन्यातून एकदा भेटावे, रोज नको.

आणि तरीही रात्री खावेसे वाटलेच तर? आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता कुणी साधा मऊ वरणभात पुढे ठेवला तर मी खाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर ती खरी भूक आहे. तिला उपाशी झोपवू नका. अर्धी वाटी मेतकूट-भात, एखादे छोटे मुगाचे धिरडे किंवा कपभर कोमट दूध पुरते. दही मात्र नको. आयुर्वेदाने ते रात्री वर्ज्य मानले आहे.

उत्तर ‘नाही, मला कुरकुरीतच काहीतरी हवे’ असे असेल, तर पोट काहीच मागत नाही. थकवा मागतो आहे, किंवा दिवसभरातले न बोललेले काहीतरी. अशा वेळी दिवा मंद करून पाच मिनिटे बसा. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. नंतरही हवेसे वाटले तर खुशाल खा, पण ताटलीत काढून, बसून, फोन बाजूला ठेवून. डब्यातून हाताने खाल्लेल्याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असेल आणि रात्री अचानक भुकेबरोबर घाम, थरथर, धडधड जाणवली, तर वरचा प्रश्न विचारत बसू नका. साखर 70 च्या खाली गेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सकाळी डॉक्टरांना सांगा. ग्लानी आली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा.

रात्रीसाठी कुरकुरीत काही घरात हवेच असेल तर मखाने भाजून ठेवा. पाकिटातले मसालेदार मखाने घेण्याआधी मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेल दुसऱ्या क्रमांकावर दिसले तर पाकीट परत ठेवा. घरी 50 ग्रॅम मखान्यांना दोन चमचे तूप पुरते. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे हलवत राहा. बोटांनी दाबल्यावर कट्कन मोडला की झाला. चिमूटभर हळद, जिरेपूड आणि सैंधव घाला, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डबा बंद करा, नाहीतर मऊ पडतात. हे दोघांना एका रात्रीला पुरतात, पण रविवारी सातपट भाजले तर आठवडा निघतो. हा डबा हाताशी ठेवा. फरसाणाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवा, स्टूल आणावे लागेल इतक्या उंच.