उन्हाळ्यातला घाट

पुणे, एप्रिलअखेर

चि. सोहम यास,

उन्हाळ्यात सायकलवर शक्तीबाहेर जाणे बहुधा साध्या रविवारच्या फेरीत घडते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघणारा माणूस साडेतेरा तासांची मुदत समोर ठेवून पाणी, खाणे आणि वेग यांचा हिशेब आधीच मांडतो. ‘खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणून निघालेल्याकडे असा हिशेब नसतो. धरणाच्या चौपाटीवर चार ओळखीचे सायकलस्वार भेटतात, कोणीतरी सिंहगडाचा विषय काढतो, आणि रिकाम्या पोटी, एका बाटलीच्या भरवशावर डोणजे फाटा मागे पडतो. तेव्हा नऊ वाजत आलेले असतात.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि सिंहगड १,३०० मीटरच्या थोडा वर. गोळेवाडीपासून गडाच्या वाहनतळापर्यंतचा घाट साधारण ९ किलोमीटरचा, चढ ढोबळमानाने ६०० मीटरचा. या चढाची किंमत मोजता येते. ७० किलोचा माणूस आणि १० किलोची सायकल एवढे वजन ६०० मीटर वर न्यायला सुमारे ४७० किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खर्च करते त्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे एका घाटात शरीराच्या आत किमान १,४०० किलोज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेव्हा नुसता हा चढ फेडायलाच अर्ध्या लिटरहून जास्त घाम लागतो, आणि तोही सगळा वाळला तर. हनुवटीवरून सायकलच्या नळीवर टपकलेला थेंब शरीराला गारवा देत नाही. शिवाय उन्हाने तापलेल्या कातडीचा आणि घाटाआधीच्या रस्त्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

सपाटीवर ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला स्वतःच्या वेगाचाच वारा मिळतो. घाटात वेग सात-आठवर येतो, वारा जवळजवळ थांबतो, आणि नेमके तेव्हाच शरीर सर्वांत जास्त उष्णता तयार करत असते. सिंहगड रस्त्यावर ठणठणीत असलेला माणूस घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर अचानक ढासळतो, त्याचे मोठे कारण हे आहे. त्याची जिद्द कमी पडलेली नसते.

पुण्याच्या उन्हाळ्याची हवा कोरडी. मुंबईत अंग निथळते म्हणून पाण्याची आठवण होते. इथे घाम फुटताक्षणी वाळतो आणि काहीच गेले नाही असे वाटते. काळ्या जर्सीवर पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसल्या तर बरेच काही गेलेले असते. निघण्यापूर्वी आणि आल्यावर कमी कपड्यांत वजन करून पाहावे, याहून सरळ मोजमाप नाही. एक किलो घटले म्हणजे, प्यायलेले पाणी सोडून, साधारण एक लिटर द्रव गेला. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट झाली की दमछाक वाढते, हे जवळजवळ प्रत्येकाच्या अनुभवाला येते.

रक्तातले पाणी घटले की हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त ढकलले जाते. त्यातूनच स्नायूंना पुरवायचे आणि कातडीलाही, कारण आतली उष्णता कातडीपर्यंत रक्तच आणते. म्हणून वेग तोच असूनही नाडी मिनिटामिनिटाला चढत जाते. घड्याळावरचा नाडीचा आकडा वर जात असताना वेग टिकवून धरण्याचा हट्ट हाच खरा अतिरेक. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर त्या दिवसापुरता तो वेग जास्त आहे, मग स्ट्रावा ॲपवर मागच्या आठवड्याची वेळ काहीही असो.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. २०१९ च्या एप्रिलअखेरीस तो ४३ अंशांच्या आसपास गेला होता. हा आकडाही सावलीतल्या हवेचा. डांबरावरचे ऊन वेगळे. पहाटे फटफटताना, पुढचा-मागचा दिवा लावून, साडेपाचला निघावे आणि नऊपर्यंत घरी असावे. परतीची जागा आणि वेळ घरीच ठरवावी, कारण तापलेले डोके रस्त्यावर चांगला निर्णय घेत नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस थोडे थोडे उन्हात जावे लागते. हिंजवडी-खराडीच्या वातानुकूलित कचेरीत आठवडाभर बसणाऱ्याच्या शरीराला ही सवय झालेलीच नसते; रविवारी मात्र तो घाट मारायला उभा राहतो.

स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा जोराच्या मेहनतीत दीड-दोन तासच पुरतो. निघताना एखादे केळे आणि वाटेत दर अर्ध्या-पाऊण तासाने खजूर, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू एवढे पुरे. पाणी तहान लागेल तसे, पण सोबत दोन बाटल्या हव्यात आणि एकीत ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापातच ते कालवावे. भीतीपोटी तासन् तास नुसते पाणी ढोसणेही घातक, कारण रक्तातला सोडियम पातळ होतो. गडावरचे मीठ घातलेले ताक फार चांगले. पिठले-भाकरी आणि भजी अंग निवल्यावर.

पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, उन्हातही अंगावर काटा, यांतले काहीही झाले की फेरी संपली. सावलीत आडवे व्हावे, पाय उंच ठेवावेत, कपडे भिजवून वारा घालावा, घोट घोट प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा चिडून ‘मला काही झालेले नाही’ म्हणू लागला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून धोका नाही, ही समजूत चुकीची. मेहनतीने आलेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा आणि ती येईपर्यंत मिळेल ते पाणी अंगभर ओतत राहावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

दमलेल्याने घाट सायकलवरून उतरू नये. वळणावर ब्रेक कधी दाबायचा हे थकलेल्या मेंदूला उशिरा सुचते. सायकल टेम्पोत घालून घरी येण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरी आल्यावर अंगदुखीसाठी ब्रुफेनसारखी गोळी लगेच घेऊ नये; पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू झिजून रक्तात उतरत असण्याची शक्यता असते, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. एरवी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली राहू द्यावी.

— काका