देव आहे याचा पुरावा कोणता?



गेल्या वर्षी नववीच्या वर्गात प्रयोगवहीतले ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे दोन रकाने समजावून देत असताना एका मुलाने हात वर केला. काही महिन्यांपूर्वी त्याचे वडील आजारपणात गेले होते. त्याच सुमारास त्याच्या बाकावरच्या मित्राचे वडीलही इस्पितळात होते. ते बरे होऊन घरी आले. दोन्ही घरांतून नवस बोलले गेले होते. मुलगा म्हणाला, “सर, त्यांचा नवस फळला हा देव असल्याचा पुरावा, असं सगळे म्हणतात. मग आमचा फळला नाही, तो कशाचा पुरावा?”

वर्ग एकदम शांत झाला. “मधल्या सुट्टीत बोलू,” एवढेच आम्ही म्हणालो. खरे सांगायचे तर मधल्या सुट्टीतही आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. उशिरा का होईना, ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

देव आहे की नाही याचा निकाल देणे हे शाळेच्या वार्तापत्राचे काम नव्हे. पण पुरावा कशाला म्हणावे हे शिकवणे शाळेचेच काम आहे, आणि आपल्या सुरतेत ते एका मराठी शिक्षकाने फार पूर्वी केलेले आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आपण व्याकरणाच्या तासाला घेतो. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. येथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम या गुजराती शाळेतल्या मेहताजींशी पडली. (मेहताजी म्हणजे शिक्षक, आपल्या पंतोजीसारखा शब्द.) या दोघांनी काही मित्रांसह २२ जून १८४४ रोजी सुरतेत ‘मानव धर्म सभा’ स्थापन केली. मंडळींपैकी दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या पाचांची नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत.

ही सभा नास्तिकांची नव्हती. ईश्वर एक आहे, माणसाची जात एक आहे, असे ती मानत असे. तरीही मंत्रतंत्र करणाऱ्यांना आणि जादूटोणा करणाऱ्यांना तिने उघड आव्हान दिले: तुमच्यात शक्ती असेल तर सर्वांसमक्ष दाखवा. त्या काळी मूठ मारण्याच्या भीतीने माणसे आजारी पडत. अशा दिवसांत एका शिक्षकाने गावासमोर उभे राहून हे म्हणणे सोपे नव्हते. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस गेले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला गेले, आणि सभेचे काम थांबले. पण मुंबईत दादोबांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली, आणि १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला तेव्हा त्यात त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते. जादूगारांकडे पुरावा मागणाऱ्या याच दादोबांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’ या भक्तिकाव्यावर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. पुरावा मागणारा माणूस श्रद्धाहीनच असतो, असा आपल्याकडे एक समज आहे. त्याला दादोबांचे चरित्र हे चांगले उत्तर आहे.

आता पुराव्याच्या प्रकारांकडे वळू. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे म्हणणे हे अनुमान. उपमान म्हणजे साम्यावरून ओळख. आपल्या विषयात त्याचा फारसा उपयोग नाही. विश्वासू माणसाने सांगितले किंवा ग्रंथात आहे, ते शब्द. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानत.

उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिला. त्यांच्या प्रमुख युक्तिवादांपैकी एक असा: घडा आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, जग हेही कार्य आहे, तेव्हा त्याचाही कर्ता असलाच पाहिजे. आपण सुरतकर घड्याऐवजी साडी घेऊ. रिंग रोडच्या मार्केटमध्ये साडी पाहिली की ती कोणीतरी विणली आहे याबद्दल शंका येत नाही. का येत नाही? कारण लिंबायत-उधन्याच्या लूमच्या खात्यात साड्या विणताना आपण पाहिल्या आहेत; आपल्यापैकी कित्येकांचे वडील तेथेच पाळी करतात. पण जग घडताना कोणी पाहिले आहे? एकच जग आपल्याला ठाऊक आहे, तेही आधीच घडलेले. ही शंका केवळ नास्तिकांची नाही. रामानुजाचार्यांसारख्या परमभक्ताने ‘श्रीभाष्या’त हाच अनुमानाचा मार्ग नाकारला आहे. त्यांच्या मते ईश्वर तर्काने सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच कळतो. म्हणजे एक आस्तिक पुरावा देतो आणि दुसरा आस्तिक तो अपुरा ठरवतो! आम्हाला स्वतःला रामानुजांचे म्हणणे जास्त प्रामाणिक वाटते, कारण कमकुवत पुराव्यावर उभी केलेली श्रद्धा पहिल्याच धक्क्याला हलते.

आता नवसाकडे येऊ. रोमन लेखक सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात लावलेली नवसाची चित्रे कोणीतरी डायागोरस नावाच्या ग्रीक माणसाला दाखवली आणि विचारले, “आता तरी पटले ना?” तो म्हणाला, “जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत?” सुरत हे बंदर. येथून गेलेली किती गलबते परत आली नसतील! परत आलेल्यांनी नारळ वाढवले. न आलेल्यांच्या नावे कोण काय वाढवणार? ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला तेव्हा “देवाने वाचवले” असे आपण पुष्कळ घरांत ऐकले. ती कृतज्ञता खरीच होती. पण ज्या घरातले माणूस गेले, त्या घरात जाऊन आपण हे वाक्य बोललो नसतो. जे वाक्य शेजारच्या घरात बोलता येत नाही, ते पुरावा म्हणून वापरताना जरा थांबावे.

त्याच २००६ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईलही किंवा होणारही नाही, एवढेच सांगितले होते. त्यांतील ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही त्रास झाला, झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला प्रार्थना नक्की होणार हे सांगितले होते. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. यावरून देव नाही असे सिद्ध झाले का? नाही. देव औषधाच्या गोळीसारखा मोजून काम करतो, ही समजूत तेवढी टिकली नाही. आणि खरा भक्त तरी असे कोठे मानतो? पण मग एखादा रुग्ण बरा झाला की तो पुरावा म्हणून पुढे करण्याचा हक्कही आपण सोडला पाहिजे. फळला तर पुरावा आणि न फळला तर ‘भक्ती कमी पडली’, असा हिशेब कोणत्याही वहीत चालणार नाही.

या मुलाशी आम्ही नंतर दोन-तीनदा बोललो, तेव्हा कळले की त्याचा खरा प्रश्न देवाबद्दल नव्हताच. नवस बोलताना आईचे काहीतरी चुकले असावे, असे कोणी नातेवाईक बोलून गेले होते आणि ते त्याच्या मनात रुतून बसले होते. आम्ही त्याला सांगितले, मित्राचे वडील बरे झाले हा तुझ्या आईविरुद्धचा पुरावा नाही. तुझे वडील गेले हाही नाही. हे आम्ही अगदी खात्रीने सांगू शकलो, देवाबद्दल इतक्या खात्रीने आम्हाला काही सांगता आले नसते. “हे आईला सांगू का?” असे त्याने विचारले.

आता थोडा गृहपाठ. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो अशी बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले की चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांना त्या दिवसाविषयी विचारावे. वहीत दोन रकाने आखावेत: ‘स्वतः पाहिले’ आणि ‘दुसऱ्याकडून ऐकले’. सांगणाऱ्यांशी वाद घालू नये, ते जसे सांगतील तसेच लिहावे. शक्य असल्यास मातीची ओली मूर्ती आणि चमचाभर दूध घेऊन स्वतः करून पाहावे आणि त्यासाठी तिसरा रकाना ठेवावा. वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.