मेदाने भरलेले यकृत आणि व्यायाम

दात किडला म्हणजे ठणकतो, पायात काटा रुतला म्हणजे सलतो. यकृताचे मात्र तसे नाही. उजव्या बरगड्यांच्या आश्रयास असणारा हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव मेदाने भरून गेला तरी बहुधा दुखत नाही. अन्य कारणासाठी पोटाची सोनोग्राफी करावी आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून घरची मंडळी चकित व्हावी, असे अनेक घरांत घडते. यावर औषध काय, असे आमचे विद्यार्थी विचारतात. मिताहार आणि व्यायाम हे त्याचे पहिले उत्तर होय. त्यांपैकी व्यायामाचा विचार येथे करू.

यकृतात थोडा मेद असणे स्वाभाविक आहे. तो शेकडा ५ हून अधिक झाला म्हणजे त्यास विकार समजतात. मद्यपान हे त्याचे परिचित कारण. परंतु मद्यास न शिवणाऱ्यांसही तो जडतो. अन्नातील जी साखर खर्ची पडत नाही, तिचा काही भाग यकृत मेदात रूपांतरित करते. शिवाय शरीरातील चरबीच्या साठ्यांतून सुटलेला मेदही रक्तावाटे तेथेच येतो. हा संचय वाढता वाढता कित्येकांच्या यकृतास सूज येते, आणि काहींच्या बाबतीत ते पुढे कठीण व निकामी होते.

आता व्यायाम काय करतो ते पाहा. काम करणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात, आणि मेदही जाळतात. नित्य व्यायामाने इन्सुलिनचा प्रभावही सुधारतो. त्यामुळे यकृताकडे येणारा माल घटतो व साठलेला खर्ची पडू लागतो. म्हणूनच वजन मुळीच न उतरता यकृतातील मेद कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक काटा हलला नाही म्हणून निराश होतात व गुण येत असतानाच व्यायाम सोडतात. अर्थात स्थूल मनुष्याचे वजन शेकडा ७ ते १० उतरले तर लाभ अधिक. सूजही बहुधा ओसरते. २०२४ साली अमेरिकेत या रोगाच्या पुढील अवस्थेसाठी पहिले औषध मंजूर झाले; तेही आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच द्यावयाचे आहे.

“आम्ही तर सडपातळ, आम्हांस भय कसले?” असे कोणी म्हणेल. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, त्या लेखात विनोदाने म्हटल्याप्रमाणे, लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत जाऊन ते गाठणे एवढाच होता. जन्मवेळचे कमी वजन हेही एक कारण असावे, असे तेथे सुचविले आहे. तात्पर्य, काटा सर्व काही सांगत नाही.

व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांस सरासरीने रोज ६० मिनिटांचा व्यायाम सांगितला. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, हे मध्यम श्रमाचे माप. प्रौढांनी आठवड्यातून दोन दिवस तरी जोर, बैठका अशा बळाच्या व्यायामाचीही जोड द्यावी. हृदयविकार असेल किंवा यकृत फार बिघडले असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे.

विद्यार्थिमित्रहो, घरी कोणाच्या अहवालात ते दोन शब्द आढळले, तर सायंकाळी त्यांस फिरावयास घेऊन निघा. दोन महिन्यांनी वजन तेवढेच भरले व ते चालणे सोडू लागले, तर या पाठातील मर्म त्यांस समजावून सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर न्या.